कुदळ-फावड्याची सेना

वर्ध्याहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा नावाचे गाव आहे. या गावाच्या वेशीबाहेर थोड्या अंतरावर आनंदवन वसलेले आहे. आज तेथे हिरवी शेते, झाडे, शाळा आणि रुग्णालये दिसतात. १९५१ साली मात्र तेथे खडकाळ माळ आणि काटेरी झुडुपांचे रान यांवाचून काही नव्हते. त्या वेळी या जिल्ह्याला चांदा म्हणत, आणि आजचा गडचिरोली जिल्हाही त्याचाच भाग होता. तो १९८२ साली वेगळा झाला. रानात साप-विंचवांचा सुकाळ होता आणि रात्री वन्य पशूंचे भय असे. अशा जागी बाबा आमटे आपली पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन राहावयास आले.

त्यांनी विहीर खणली, जमीन फोडली, भाजीपाला पिकविला. परंतु ती भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. कुष्ठरोगाचे नाव काढताच त्या काळी लोक दूर सरत. हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळे होतो, तो नुसत्या स्पर्शाने सहज जडत नाही आणि औषधाने पूर्ण बरा होतो, हे आज लहान मुलालाही सांगता येईल. तेव्हा मात्र रोग्याच्या हाताने पिकविलेली भाजी घरात आणणे म्हणजे संकटच घरात आणणे, असे लोकांना वाटे. त्यांना सांगून, समजावून फारसा उपयोग होत नव्हता.

पुढे १९५४ च्या सुमारास एक नवल घडले. निरनिराळ्या देशांतील तरुण आनंदवनात येऊन राहिले. कोणी युरोपातून आलेला, कोणी आणखी दूरच्या मुलुखातून. त्यांना कोणी वेतन देत नव्हते. त्यांनी कुष्ठरोग्यांच्या बरोबरीने दगड वाहिले, पाया खणला, भिंती रचल्या, आणि रुग्णांसाठी इमारती उभ्या केल्या. ते जेवत आनंदवनातच, आणि आनंदवनात पिकलेलेच जेवत.

हे तरुण ज्या संघटनेचे होते, तिचे नाव सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी सेवा. तिचा संस्थापक आनंदवन पाहावयास जगला नाही. तो १९४५ सालीच वारला होता. परंतु परक्या देशात जाऊन, तेथील माणसांच्या खांद्याला खांदा लावून, फुकट मातीकाम करावे, ही चाल त्याने पाडली. त्याचे नाव पिएर सेरेसोल. त्याचे चरित्र पुढे दिले आहे.

स्वित्झर्लंड हा युरोपच्या मध्यभागी असलेला एक लहानसा डोंगराळ देश आहे. तेथील लोझान या शहरात १७ ऑगस्ट १८७९ रोजी पिएरचा जन्म झाला. घराणे मोठे नावाजलेले होते. त्याचे वडील पॉल सेरेसोल हे कायदेपंडित, सैन्यातील वरिष्ठ अधिकारी, आणि १८७३ साली स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. अशा घरी जन्मलेल्या मुलाने मोठा अधिकारी व्हावे, देशाच्या सेनेत मान मिळवावा, हे ठरल्यासारखेच होते. पिएर अभ्यासात हुशार निघाला. झुरिच येथील तंत्रशास्त्राच्या प्रसिद्ध विद्यालयातून तो इंजिनियर झाला. पुढे त्याने डॉक्टरेट मिळविली आणि जर्मनीतही काही काळ अभ्यास केला. प्राध्यापकाची जागा त्याच्यासाठी जणू वाट पाहत होती.

परंतु पिएरचे मन त्यात रमेना. आपण जे खातो, ल्यातो, ज्या घरात राहतो, ते सारे कोणाच्या तरी श्रमाने झालेले आहे, आणि आपल्या हातांना मात्र श्रम ठाऊक नाहीत, ही गोष्ट त्याला बोचू लागली. तिशी उलटल्यावर तो प्रवासाला निघाला. तो अमेरिकेत गेला, तेथून हवाई बेटांवर, आणि तेथून जपानात. हा प्रवास श्रीमंताच्या मुलाने मौजेसाठी केलेला नव्हता. वाटेत मिळेल ते काम करून तो पोट भरी. कॅलिफोर्नियात तेलाच्या विहिरींवर त्याने मजुरी केली, हवाईत शिकविले, जपानात इंजिनियरचे काम केले. चारपाच वर्षे अशी गेली. परक्या देशात, परक्या लोकांत, हाताने काम करून राहिल्यावर माणूस माणसाला किती लवकर ओळखू लागतो, हे तो या प्रवासातच शिकला असावा. पुढच्या आयुष्यात त्याने जे केले, त्याचे बीज येथे दिसते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि सेरेसोल मायदेशी परतले. स्वित्झर्लंड युद्धात नव्हता, पण चोहोबाजूंनी युद्धाने वेढलेला होता. सेरेसोल यांनी येताच एक विलक्षण गोष्ट केली. वडिलांकडून वारसाने आलेली संपत्ती त्यांनी देशाच्या सरकारला देऊन टाकली. जी संपत्ती आपण कमावलेली नाही ती आपली नव्हे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक तरुणाला लष्करी शिक्षण घ्यावे लागे, आणि ज्याला काही कारणाने त्यातून सूट मिळे त्याला तिच्या बदली दरवर्षी एक कर भरावा लागे. सेरेसोल हे असा कर भरीत असत. त्या सुमारास एका शाळामास्तराने आपल्या धर्मश्रद्धेमुळे बंदूक हाती घेण्याचे नाकारले आणि त्याला तुरुंगात धाडण्यात आले. एक साधा मास्तर आपल्या विश्वासासाठी तुरुंगात जातो आणि आपण मुकाट्याने कर भरतो, हे सेरेसोल यांना सहन होईना. १९१७ साली त्यांनी कर भरण्याचे साफ नाकारले. राष्ट्राध्यक्षाचा मुलगा तुरुंगात गेला. घराण्याची आणि मित्रांची मान खाली गेली असेल. चौकाचौकांत लोकांनी काय म्हटले असेल याचीही कल्पना करता येते. कारण देश संकटात असताना सैन्याकडे पाठ फिरविणारा माणूस भित्रा किंवा देशद्रोही ठरावयास वेळ लागत नाही.

सेरेसोल मात्र भित्रे नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. सैनिक देशासाठी थंडी-वारा सोसतो, घरदार सोडतो, प्राणही देतो. युद्धाला नाही म्हणणारा माणूस घरी बसून नुसता नाही म्हणत राहिला, तर सैनिकापेक्षा तो मोठा कसा? सैनिकाइतके कष्ट सोसण्याची, सैनिकासारखी शिस्त पाळण्याची तयारी असेल, पण हातात बंदुकीऐवजी फावडे असेल, अशी एखादी सेवा का असू नये? नागरी सेवेची कल्पना या प्रश्नातून निघाली.

१९१८ साली युद्ध संपले. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, हॉलंडमधील बिल्टहोवेन या गावी शांतता मानणाऱ्या काही ख्रिस्ती मंडळींची परिषद भरली. सेरेसोल तेथे होते. काल एकमेकांवर तोफा डागणाऱ्या देशांतील माणसे तेथे एका छपराखाली बसली होती. त्यांत एक जर्मन गृहस्थ होते. त्यांचा भाऊ सैनिक म्हणून फ्रान्सच्या उद्ध्वस्त झालेल्या भागात होता. तेथील गावे पुन्हा उभी करण्याच्या कामी आपण हात लावावा, असे त्यांच्या मनात होते. परिषदांत भाषणे पुष्कळ होतात. या एका इच्छेने मात्र सेरेसोल यांच्या मनाची पकड घेतली.

फ्रान्समधील व्हर्दन या शहराभोवती १९१६ साली जवळजवळ दहा महिने भयंकर लढाई झाली होती. एन हे तेथले एक लहानसे खेडे. तोफगोळ्यांच्या माऱ्याने ते इतके चिरडले गेले होते की घर कोठे होते आणि रस्ता कोठे होता हे ओळखू येत नव्हते. शेतांत जिकडेतिकडे खड्डे पडले होते आणि मातीत न फुटलेले गोळे तसेच पडून होते. १९२० च्या नोव्हेंबरात, कडाक्याची थंडी सुरू होत असता, सेरेसोल येथे येऊन दाखल झाले. बरोबर त्यांचे बंधू एर्नेस्ट, एक इंग्रज सहकारी आणि काही मोजके लोक होते. त्यांत जर्मनही होते.

जर्मन माणसे! ज्यांच्या तोफांनी गाव जाळले, त्याच देशातील माणसे आता फावडे घेऊन आली होती. मुलांनो, गावकऱ्यांना काय वाटले असेल याचा क्षणभर विचार करा. ज्या बाईचा मुलगा जर्मन गोळीने मेला, तिने यांना आपल्या दारात उभे करावे तरी कसे? या पाहुण्यांनी त्यावर भाषण केले नाही. ते मोडक्या लाकडी झोपड्यांत राहिले. त्यांनी ढिगारे उपसले, गोळ्यांनी पडलेले खड्डे बुजविले, रस्ता नीट केला आणि परत येणाऱ्या गावकऱ्यांसाठी लाकडी घरे उभारली. हिवाळाभर हे काम चालले. दिवसामागून दिवस एकच दृश्य पाहिल्यावर काही गावकऱ्यांची दृष्टी निवळू लागली.

पण सर्वांची नाही. सरकारी अधिकाऱ्यांना आणि गावातील काहींना जर्मन माणसे तेथे नको होती. वसंत ऋतू आला, तशी जर्मनांनी निघून जावे अशी मागणी पुढे आली. बाकीच्यांना राहता आले असते. परंतु जर्मन सहकाऱ्यांना घालवून देऊन उरलेल्यांनी काम चालू ठेवावे, हे सेरेसोल यांना मान्य नव्हते. सगळेच एकत्र आले होते आणि सगळेच एकत्र निघून गेले. काम अर्धे राहिले. गाव पुरते बांधून होण्यापूर्वीच १९२१ च्या एप्रिलमध्ये पहिली छावणी मोडली. इतिहासात हिची गणना मोठ्या यशात करता येणार नाही. सेरेसोल यांनाही ती तशी वाटली नसेल. पण हात आखडते घेण्याचे त्यांच्या मनात आले नाही.

स्वदेशी परतून त्यांनी शिकविण्याचे काम केले आणि त्याबरोबर एक चळवळ चालविली. लष्करी नोकरी ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांना तिच्या ऐवजी नागरी सेवा करण्याची मुभा कायद्याने द्यावी, अशी ती मागणी होती. हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या, परंतु संसदेने तो मानला नाही. स्वित्झर्लंडमध्ये असा कायदा अमलात यावयास १९९६ साल उजाडले. सेरेसोल यांना जाऊन तोवर अर्धशतक लोटले होते.

कायदा होत नाही, तर प्रत्यक्ष काम करून दाखवावे, असे त्यांनी ठरविले. १९२४ साली स्वित्झर्लंडच्या पर्वतात बर्फाचे प्रचंड कडे कोसळून व्हेर-लेग्लीज या खेड्याची मोठी हानी झाली होती. सेरेसोल यांनी तेथे छावणी घातली. त्यांच्याबरोबर त्यांचे बंधू एर्नेस्ट होते. हे एर्नेस्ट स्विस सैन्यात कर्नल होते! एक भाऊ सैन्याचा कर भरण्याचे नाकारून तुरुंगात जाणारा, दुसरा त्याच सैन्यातील कर्नल. दोघांची मते जुळत नव्हती, पण दोघांनी मिळून एकाच दरीतील दगड उचलले. सैन्यातील शिस्त कर्नलसाहेबांनी छावणीला दिली असे म्हटले तरी चालेल. पहाटे उठणे, ठरल्या वेळी कामावर जाणे, साधे जेवण, पगार नाही, अशी त्या छावण्यांची रीत पडून गेली.

यानंतर कामे वाढत गेली. १९२७ साली ऱ्हाइन नदीचा बांध फुटून लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या राज्यातील शेते गाळाने व दगडगोट्यांनी भरून गेली. पुढच्या वर्षी तेथे सातशेहून अधिक स्वयंसेवक आले. त्यांत विद्यार्थी, कारागीर, शिक्षक, कारकून होते. अनेक देशांची माणसे एका रांगेत उभी राहून गाळ उपसत होती. स्त्रियाही आल्या होत्या. त्या बहुधा स्वयंपाक, धुणे व शिवण सांभाळीत. फावडे पुरुषांच्या हाती व पळी स्त्रियांच्या हाती, ही वाटणी त्या काळी कोणाला खटकली नाही. आज खटकेल. त्यानंतर फ्रान्समधील पूरग्रस्त गावात काम झाले. पुढे इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतात, जेथे खाणी बंद पडून सारे गाव बेकार झाले होते तेथे, बेकार खाणकामगारांच्या बरोबर स्वयंसेवकांनी काम केले.

१९३१ च्या डिसेंबरात महात्मा गांधी लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतताना स्वित्झर्लंडमध्ये थांबले. प्रसिद्ध फ्रेंच लेखक रोमां रोलां यांचे ते पाहुणे होते. सेरेसोल यांची व गांधीजींची तेव्हा गाठ पडली. दोघांचा शस्त्रावर विश्वास नव्हता, आणि दोघांचा हाताच्या श्रमावर होता. म्हणून दोन वर्षांनी हिंदुस्थानातून संकटाची वार्ता आली, तेव्हा सेरेसोल यांना तो देश परका वाटला नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी उत्तर बिहारात प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. मुंगेर शहर जमीनदोस्त झाले. मुजफ्फरपूर व दरभंगा या भागांत जमीन दुभंगली आणि तिच्या पोटातून पाणी व वाळू उसळून वर आली. विहिरी वाळूने बुजल्या, शेतांवर वाळूचा थर पसरला. काही ठिकाणी जमिनीची पातळीच बदलली, त्यामुळे पूर येई तेव्हा पूर्वी कोरडी राहणारी गावे पाण्यात जाऊ लागली. डॉ. राजेंद्रप्रसाद त्या वेळी तुरुंगात होते. दोन दिवसांनी त्यांची सुटका झाली आणि आजारी असतानाही त्यांनी मदतीचे काम हाती घेतले.

सेरेसोल त्या वर्षी हिंदुस्थानात आले, राजेंद्रबाबूंना भेटले आणि त्यांनी भूकंपाचा मुलूख पाहिला. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होत आले होते. नंतर युरोपातून आणखी काही सोबती घेऊन ते परतले, आणि १९३४ ते १९३७ या काळात पुनःपुन्हा बिहारात येऊन त्यांनी मुजफ्फरपूरजवळच्या खेड्यांत काम केले. ही तुकडी अगदी लहान होती. तीत स्विस होते, तसे इंग्रजही होते.

युरोपात कामाला माणसे कमी पडत, म्हणून स्वयंसेवक उपयोगी ठरत. बिहारात मजुरांची वाण नव्हती, वाण होती ती मजुरीची. उन्हाच्या कहरात परदेशी इंजिनियरापेक्षा गावचा मजूर कितीतरी अधिक माती उपसतो. मग हे पाहुणे समुद्र ओलांडून आले कशाला? हा प्रश्न कोणीही विचारावा असाच आहे, आणि सेरेसोल यांच्यासारख्या कठोरपणे स्वतःला तपासणाऱ्या माणसाने तो स्वतःला विचारला नसेल असे म्हणवत नाही. शेवटी काम असे चालले की पुरात बुडणारी खेडी उंच जागी हलविण्याची आखणी करावयाची, मदतीचा पैसा नीट लावावयाचा, गावकऱ्यांना त्यातून मजुरी द्यावयाची, आणि स्वतःही त्यांच्या बरोबर माती व विटा वाहावयाच्या. अशा रीतीने जी नवी वस्ती उभी राहिली, तिला शांतिपूर असे नाव मिळाले.

त्या काळी हिंदुस्थानावर इंग्रजांचे राज्य होते. गोऱ्या माणसाला लोकांनी पाहिले होते ते घोड्यावर, मोटारीत किंवा कचेरीतील खुर्चीत. डोक्यावर मातीची टोपली घेतलेला साहेब कोणी पाहिला नव्हता. आपल्याकडेही सुशिक्षित, वरच्या जातीचे म्हणवणारे लोक मातीकामाला हात लावीत नसत. उघड्या उन्हात घाम गाळणारा हा पिकल्या केसांचा परदेशी इंजिनियर पाहून दोन्ही बाजूंच्या लोकांना काही ना काही वाटले असेलच. या दिवसांत सेरेसोल यांचे आपल्या लोकांशी चाललेले संबंध साधेपणाचे होते. येथील दारिद्र्य, येथील जातिभेद आणि येथील माणसांचा सोशिकपणा हे सर्व त्यांनी डोळसपणे पाहिले, आणि आपल्या पत्रांतून युरोपातील मित्रांना कळविले.

ते युरोपात परतले तेव्हा तेथे पुन्हा युद्धाचे ढग जमले होते. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. स्वित्झर्लंडमध्ये रात्री सर्व दिवे झाकून अंधार करण्याचा हुकूम निघाला. सेरेसोल यांनी तो मानला नाही आणि त्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. १९४१ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी लीझ दाविद यांच्याशी विवाह केला. त्यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९४२ साली व पुन्हा १९४४ साली, परवाना न घेता, एकट्याने सरहद्द ओलांडून ते जर्मनीत शिरले. हिटलरच्या राज्यातील माणसांशी माणूस म्हणून बोलावे, एवढाच हेतू होता. जर्मनांनी त्यांना पकडून परत पाठविले आणि स्वदेशी त्यांना तुरुंगवास घडला. या साहसातून निष्पन्न काय झाले, असे विचारले तर काहीच नाही, असेच उत्तर द्यावे लागेल. त्यांच्या मित्रांपैकीही काहींना हे वेडेपण वाटले असेल. पण एन येथे जर्मनांना बरोबर घेऊन जाणारा मनुष्य, जर्मन शत्रू ठरताच त्यांच्याकडे पाठ फिरवील हे संभवनीय नव्हते.

तुरुंगवासाने व श्रमांनी त्यांचे हृदय दुबळे झाले होते. युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, २३ ऑक्टोबर १९४५ रोजी, लोझानजवळ त्यांचे निधन झाले.

त्यांची संघटना मात्र टिकली. देशाच्या फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी दिल्लीजवळ फरिदाबाद येथे नवे शहर वसविले जात होते. तेथे १९५० साली या संघटनेचे स्वयंसेवक आले. त्यानंतर तिचे पाऊल वरोऱ्याच्या माळावर पडले. एन या गावात लोक जर्मन हातांना भीत होते. वरोऱ्यात लोक ज्या हातांना भीत होते ते झडलेल्या बोटांचे हात होते. त्या हातांजवळ हे परदेशी तरुण जाऊन बसले, त्यांच्याकडून विटा घेतल्या, त्यांना विटा दिल्या, आणि त्यांनी वाढलेले अन्न खाल्ले.

वरोऱ्याचे लोक प्रथम हे नवल पाहावयास आले. दूर उभे राहून पाहत. मग थोडे जवळ आले. इतक्या देशांची धडधाकट मुले येथे राहतात, जेवतात, आणि त्यांना काही होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आनंदवनाची भाजी बाजारात खपू लागली. सर्वांचे भय एका दिवसात गेले असे नव्हे. कुष्ठरोग्याला आपल्या घरात जागा न देणारी माणसे त्यानंतरही पुष्कळ होती, आणि अजूनही सापडतील.

बाबा आमटे यांनी पुढे याच जिल्ह्यात मूल गावाजवळ सोमनाथ येथे तरुणांची श्रमछावणी भरविण्यास आरंभ केला. तो १९६८ चा सुमार होता. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे व सून डॉ. मंदाकिनी हे १९७३ साली भामरागडच्या अरण्यात, हेमलकसा येथे, माडिया गोंडांच्या सेवेसाठी गेले. हा भाग आज गडचिरोली जिल्ह्यात येतो. तेथे १९७५ साली एक लहानसे रुग्णालय उभे राहिले. त्याला आर्थिक साहाय्य दिले ते स्विसएड या स्विस संस्थेने. सेरेसोल यांच्या संघटनेशी तिचा संबंध नाही, पण देश तोच.

सोमनाथची छावणी मे महिन्यात भरते. त्या दिवसांत चंद्रपूरचे ऊन महाराष्ट्रात सर्वांत प्रखर असते. ठिकठिकाणची मुले-मुली पहाटेच उठतात, कारण ऊन चढण्यापूर्वी काम उरकावे लागते. येथे पळी आणि फावडे यांची जुनी वाटणी नाही. मुलीही माती उपसतात आणि मुलेही भाकऱ्या भाजतात. पहिल्या दिवशी हातांना फोड येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते सुकतात, आणि टोपल्यांची रांग जरा झपाझप सरकू लागते.